खप आणि वसुली : एका छोट्या उद्योगाचा हिशेब

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘विपणन’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आला की आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना वाटते, हा प्रांत आपला नव्हे, तो वाणिज्यवाल्यांचा. आपण फार तर जाहिरातीच्या भाषेवर एखादा निबंध लिहावा आणि बाजूला व्हावे. वाणिज्य शाखेच्या मित्रांना विचारावे तर ते बोटांवर चार गोष्टी मोजून दाखवतात : वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी. ई. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली आपल्या पाठ्यपुस्तकात ही चौकट मांडली आणि तेव्हापासून ती जगभरच्या वर्गांत फळ्यावर लिहिली जाते. पुढे १९८१ साली सेवाव्यवसायांसाठी त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडली. चौकट चांगलीच आहे. पण गेल्या दीड वर्षात एका अगदी लहान उद्योगाची वही लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि मला असे दिसले, की या साऱ्या मोजणीत आमच्या बाजारपेठांतली सर्वांत जड गोष्ट कुठेच नाही. ती म्हणजे वसुली.

उद्योग कसला, ते आधी सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी माझी मावशी आणि तिच्या बचत गटातल्या आणखी तिघीजणी मिळून कांदा-लसूण मसाला करतात. आमच्याकडे याला चटणीच म्हणतात. उन्हाळ्यात मिरची घ्यायची, देठ काढून वाळवायची, कांदा-लसूण, खोबरे, धने, तीळ आणि गरम मसाल्याचे जिन्नस भाजून-तळून घ्यायचे आणि सगळे डंकावर कुटून आणायचे. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी लवंगी आणि दोहोंच्या मध्ये संकेश्वरी, हे प्रमाण चौघींच्या हातात पक्के बसलेले आहे. भांडवल ४५,००० रुपये : त्यातले ३०,००० गटाचे कर्ज, दरमहा शेकडा एक रुपया व्याजाने, उरलेले १५,००० चौघींनी घरातून काढलेले. माल चांगला होता, मागणी होती आणि तरीही पहिल्या वर्षाच्या अखेरीस मिरची घ्यायला पैसे नव्हते. माल खपतो आणि पैसे मात्र दिसत नाहीत, हे कोडे सोडवण्यासाठी वही माझ्याकडे आली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वहीचेच वाचन आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पापड, लोणची, शिवणकाम, खानावळ किंवा दुकान असे काही ना काही चालते. त्यांना यातले आकडे बदलून घेता येतील.

पहिला प्रश्न : एक पुडा पडतो कितीला?

चौघींचे उत्तर तयार होते : पाव किलोच्या पुड्याला ९५ रुपये. छापील किंमत १४० रुपये. म्हणजे पुड्यामागे ४५ रुपये नफा. हिशेब तोंडपाठ होता आणि त्यात एक मोठी गोष्ट गाळलेली होती. वहीप्रमाणे तयार मसाल्याच्या एका किलोला कच्चा माल ३१० रुपये, डंकाची कुटाई २५, चार पिशव्या आणि लेबले २०, गॅस, रिक्षा व किरकोळ २५. एकूण ३८०. म्हणजे पाव किलोला ९५ हे बरोबर. पण निवडण्या-वाळवण्यापासून पुडे बंद करण्यापर्यंत चौघींचे जे तास गेले, त्यांची मजुरी यात शून्य धरली होती. “आपल्याच घरचं काम, त्याची कसली मजुरी?” असे मावशी म्हणाली. तिच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण मिरचीच्या दिवसांत त्यातल्या दोघी दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने जाऊ शकल्या असत्या. तो रोज बुडाला, हा खर्चच आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात ‘वैकल्पिक परिव्यय’ म्हणून आपण जे पाठ करतो, ते हेच. किलोमागे ६० रुपये मजुरी धरली (तीही बेताचीच), तर किलोला ४४० आणि पुड्याला ११० रुपये पडतात.

आता दुकानाकडे पाहू. गावातल्या एका मोठ्या किराणा दुकानाने महिन्याला १०० पुडे घेण्याचे कबूल केले तेव्हा चौघींना मोठाच आनंद झाला होता. दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के सुटतात, ही अट. अटीत गैर काही नाही. जागा, वीज, नोकर आणि न खपलेल्या मालाची जोखीम त्याचीही असते. १४० वर २० टक्के म्हणजे २८ रुपये. हाती येणार ११२. पुडा पडतो ११० ला. उरले दोन रुपये. शंभर पुड्यांचे महिन्याला २०० रुपये. आणि गटाच्या कर्जाचे व्याज महिन्याला ३०० रुपये! म्हणजे दुकानात माल धडाक्याने जात होता तेव्हा दर महिन्याला शंभर रुपयांची खोट ठरलेली होती. गाळलेल्या मजुरीमुळे ती दिसत नव्हती, एवढेच. खोट चौघींच्या कष्टांतून परस्पर भरून निघत होती.

म्हणून किंमत ठरवण्याची दिशा उलटी धरावी लागते. माल कितीला पडला त्यावर थोडे चढवून किंमत छापणे ही आपली रीत. घराच्या दारात विकायचे असेल तर ती चालते. परंतु मधला माणूस आला की शेवटच्या छापील किमतीपासून मागे यावे लागते : गिऱ्हाईक किती देईल, त्यातले दुकानदाराचे किती, वाहतुकीचे किती, मोडतोड-परतीचे किती आणि मग आपल्याला उरते त्यात माल बसतो का? बसत नसेल तर त्या दारातून माल विकायचा नाही. आम्ही किंमत १७० केली. दुकानाचे ३४ वजा जाता १३६ हाती. पुड्यामागे २६ उरतात. घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून पूर्ण ६०. किंमत वाढवली तेव्हा वहीत नोंदलेली नेहमीची ६२ घरे होती, त्यांपैकी ९ घरांनी पुन्हा माल नेला नाही. चौघींना ते फार लागले. मला मात्र ५३ घरे राहिली याचेच नवल वाटले.

येथे एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. दिवाळीच्या सुमारास कोणीतरी सल्ला दिला की दहा टक्के सूट द्या, खप वाढेल. दहा टक्के हा आकडा दिसायला लहान. १७० वर १७ रुपये. पण ते १७ जातात कुठून? मिरचीवाला सोडत नाही, डंकवाला सोडत नाही. ते आपल्या ६० मधून जातात आणि ४३ उरतात. शंभर पुड्यांवर मिळणारे सहा हजार मिळवायला आता १४० पुडे विकावे लागणार, म्हणजे दहा किलो जादा मसाला कुटावा लागणार. दुकानातल्या मालावर तीच सूट आपल्या पदरची दिली तर २६ चे ९ उरतात. मोठ्या कंपन्यांना सूट परवडते कारण त्यांचा कारखाना तसाही चालूच असतो. हातांनी चालणाऱ्या उद्योगात जादा माल म्हणजे जादा पाठदुखी.

आता उधारीकडे वळतो, कारण खरे दुखणे तिथे होते.

दुकानदार ओळखीचा. बोलणे गोड. पहिल्या महिन्याचे पुडे गेले, पैसे ‘पुढच्या महिन्यात’. दुसऱ्या महिन्याचे गेले. तिसऱ्या महिन्याचेही गेले. मावशीला विचारले, तर उत्तर, “आरं, वळखीचा माणूस हाय. पैसं कुटं पळून जात्यात व्हय?” पळून गेले नव्हते हे खरे, पण हातातही नव्हते. तीन महिन्यांचे ३०० पुडे, पुड्याला ११० रुपये खर्च, म्हणजे ३३,००० रुपये दुकानाच्या फळीवर आणि दुकानदाराच्या गल्ल्यात अडकलेले. एकूण भांडवल ४५,०००. बारा हजारांत मिरचीचा हंगाम कसा साधणार? मार्च-एप्रिलमध्ये मिरची घेता आली नाही. ती पावसाळ्यात थोडी थोडी, वाढीव भावाने घ्यावी लागली आणि दमट हवेत वाळवण्याचे हाल झाले ते वेगळेच. त्या ३३,००० पैकी ४,५०० रुपये निव्वळ चौघींची मजुरी होती. मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते : ज्याच्याकडे पक्के दुकान, बँकेची कॅश क्रेडिट आणि दोन नोकर आहेत, त्याला बिनव्याजी कर्ज दिले ते शेतावर रोजाने जाणाऱ्या बायकांनी, आणि त्या कर्जाचे व्याज त्या स्वतः गटाला भरत होत्या.

समजा, यातले एका महिन्याचे पैसे बुडालेच, तर काय? शंभर पुड्यांचा ११,००० खर्च गेला. नव्या किमतीने, २६ रुपये पुड्यामागे सुटतात असे धरले तरी तो भरून काढायला ४२३ पुडे विकावे लागतील. एका महिन्याची बुडीत उधारी चार महिन्यांहून अधिक काळाची कमाई खाते. जितका नफा कमी, तितकी उधारी महाग, हे सूत्र आमच्या कोणत्याही विपणनाच्या धड्यात मी ठळक अक्षरांत पाहिले नाही.

हे दुखणे नवे नाही. आपल्याच भागातले हजारो लोक मुंबईच्या गिरणगावात राहत तेव्हा त्यांच्या जेवणाची सोय करणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची कोंडी नेमकी हीच होती. गिरणी कामगार जेवण महिनाभर जेवी आणि पैसे पगार झाल्यावर देई. दरम्यान धान्य, रॉकेल, भाजी यांचा खर्च रोजचा. तो भागवण्यासाठी बाईने वाण्याकडून चढ्या भावाने उधार आणावे, नाहीतर सावकाराकडे भांडी किंवा दागिना ठेवावा. तिचा स्वयंपाक उत्तम होता, गिऱ्हाईक बांधलेले होते, जाहिरातीची गरजच नव्हती. आणि तरी ती कर्जातून वर येत नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. तिथे गिऱ्हाईक मिळवण्याचा प्रश्नच नव्हता. जेवण दिल्यापासून पैसे मिळेपर्यंतचे तीस दिवस कोणाच्या खिशातून काढायचे, हा प्रश्न होता. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ज्यांचे सगळे गिऱ्हाईक पगारावर अवलंबून होते, त्या खाणावळींचे काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

याच्या उलट उदाहरण सर्वांना ठाऊक असलेल्या लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली, छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून घेतलेल्या ८० रुपयांच्या उसनवारीवर. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी ८० रुपयांचे कौतुक करतो आणि पुढच्या दोन गोष्टी सोडून देतो. एक, त्यांनी देणगी घ्यायची नाही असे ठरवले. दुसरी, उधारीच्या वाटेला जायचे नाही, असे ठरवले; लाटणारीला लाटणावळ मिळाली पाहिजे आणि माल नेणाऱ्याने पैसे दिले पाहिजेत. सुरुवातीला स्वस्तातला हलका पापडही करून पाहावा असा विचार झाला होता. पारेख यांनी तो मोडून काढला आणि एकच चांगली जात ठेवायला लावली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी. या साऱ्यात जाहिरात कुठे आहे? ती नंतर आली आणि गाजली. पण रोखीचा शिरस्ता आधी होता. तो नसता तर सात बायकांचे ८० रुपये दुसऱ्याच महिन्यात कोणातरी वाण्याच्या खतावणीत जाऊन बसले असते.

अर्थात, ‘रोख द्या नाहीतर माल नाही’ असे नवख्याने दुकानदाराला सांगितले तर तो हसेल आणि शेजारच्या कंपनीचा पुडा फळीवर लावील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. मावशीनेही तोच घेतला. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. नव्या दुकानात पहिली खेप वीसच पुड्यांची. त्या वीसांचे पैसे आल्याशिवाय दुसरी खेप नाही. म्हणजे काही बुडाले तरी २,२०० च्या आत बुडेल. पुडे देताना दोन प्रतींचे चलन, त्यावर दुकानाचा शिक्का आणि सही. तोंडी व्यवहार बंद. वसुलीचा वार ठरलेला : आठवड्याच्या बाजाराचा दुसरा दिवस, कारण त्या दिवशी गल्ल्यात पैसे असतात आणि दुकानात गर्दी नसते. आणि वसुलीला जाताना एकटीने न जाता दोघींनी जायचे. हा शेवटचा नियम मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही. तो गटातल्या सर्वांत अबोल बाईने सुचवला आणि तोच सर्वांत उपयोगी पडला. आता पाच दुकाने आहेत. त्यांपैकी दोन चक्क रोख देतात, आणि तेही आपण मागितले म्हणून. यूपीआय आल्यापासून ‘सुटे नाहीत’, ‘मालक बाहेर गेलेत’ या सबबी थोड्या दुबळ्या झाल्या आहेत, हेही खरे.

कायद्याचा आधार आहे का? आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे अशा नोंदणीकृत लहान उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात अशी तरतूद केली, की मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मागता येत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळतो. यासाठी उत्पादकाची ‘उद्यम’ नोंदणी हवी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी ऑनलाइन आणि निःशुल्क आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारे मध्यस्थ गावोगाव बसलेले आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे. माझे स्वतःचे मत असे, की लहान गावात कायद्याची नोटीस ही शेवटची काठी. ती उगारली की ती फळी कायमची गेली. पण चलनाखाली ‘देय मुदत १५ दिवस’ आणि आपला उद्यम क्रमांक छापलेला असला की समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो, एवढे मी पाहिले आहे.

बाकीच्या परवान्यांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती सहज मिळते. खाद्यपदार्थासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागतेच आणि तिचा चौदा आकडी क्रमांक पुड्यावर छापावा लागतो. पुड्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक उतरत्या प्रमाणात, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बांधणीचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावा ती मुदत, तक्रारीसाठी संपर्क आणि शाकाहारी पदार्थाची हिरव्या चौकटीतली हिरवी खूण असावी लागते. नाव जपायचे असेल तर व्यापारचिन्हाचा अर्ज. २०१७ च्या नियमांप्रमाणे व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जास एका वर्गाचे शुल्क ४,५०० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांसाठी. आमच्या गटाने ते अजून केलेले नाही. मिरची आधी, असे चौघींनी ठरवले आणि ते मला पटले.

आता प्रसिद्धीकडे येतो; कला शाखेला इथे थोडी जागा आहे. पुड्यावर आधी छापले होते, ‘शुद्ध, सात्त्विक, घरगुती चवीचा’. बाजारातला कोणताही पुडा उचला, हेच तीन शब्द असतात. कारखान्यात यंत्रावर झालेल्या मसाल्यावरही. सगळेच म्हणतात ते म्हटल्याने आपला पुडा वेगळा होत नाही. मी ते शब्द काढले आणि लिहिले : ‘डंकावर कुटलेला. ब्याडगी, लवंगी आणि संकेश्वरी मिरची. चार माणसांच्या भाजीला दीड चमचा पुरे.’ शेवटच्या वाक्यामुळे फार फरक पडला. पुणे-मुंबईकडच्या गिऱ्हाइकांना या मसाल्याचा अंदाज नसतो. एकदा भाजी जाळ तिखट झाली की पुडा डब्यात पडून राहतो आणि पुन्हा मागणी येत नाही. नावाचाही असाच प्रश्न होता. आमच्याकडे ‘चटणी’ म्हटले की पुरते, पण पुण्याच्या एका बाईंनी फोन करून ही इडलीबरोबर खातात का, असे विचारले! पुड्यावर आता मोठ्या अक्षरांत ‘कांदा-लसूण मसाला’ आहे आणि खाली कंसात, आपल्या माणसांसाठी, ‘चटणी’.

या बाबतीत मराठी माणसाने किर्लोस्करांचे उदाहरण विसरू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. मालाच्या अडचणीहून समजुतीची अडचण मोठी होती. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले : कारखान्याची आणि मालाची खबर देणारे पत्रक. गिऱ्हाइकाशी नुसते ‘घ्या, घ्या’ न म्हणता बोलत राहावे, या गरजेतून निघालेले ते पत्रक वाढत वाढत एका प्रतिष्ठित मराठी मासिकाला आणि ‘स्त्री’, ‘मनोहर’ या भावंडांना जन्म देऊन गेले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासाचे एक मोठे पान नांगराच्या विक्रीतून उघडले, हे आपल्या मराठी विभागातल्या मित्रांना सांगायला मला विशेष आवडते.

आमची ‘खबर’ म्हणजे व्हॉट्सॲपवरची यादी. त्यात महिन्याला एकच निरोप जातो : कोणता माल कधी तयार होणार आणि किती आहे. रोज सुप्रभात आणि फुले पाठवणाऱ्या विक्रेत्याचे निरोप लोक न वाचता पुसतात. यादीपेक्षाही मोलाची आहे ती साधी शंभर पानी वही : कोणी, कधी, किती पुडे नेले आणि पुन्हा कधी आले. पहिली खरेदी कुतूहलापोटी किंवा ओळखीखातर होते. माल चांगला की वाईट हे दुसऱ्या खरेदीवरून कळते. जे घर दोन महिन्यांनी दोन पुडे नेते, ते वेळेवर आले नाही तर मावशी सहज फोन करते. त्यातून एकदा कळले, की माल संपत नाही कारण मुलगा वसतिगृहावर राहायला गेला. मग १०० ग्रॅमचा पुडा निघाला, ७५ रुपयांचा. आज आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात तो कोणाकोणाच्या ट्रंकेत आहे हे मी येथे सांगत नाही.

प्रदर्शनांबद्दल दोन शब्द. बचत गटांच्या मालाला ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांतून मोठे गिऱ्हाईक मिळते हे खरे आणि सरकारी प्रदर्शनात गटांना सवलतीही असतात. पण खाजगी प्रदर्शनांचे पेव फुटले आहे, तिथे आधी हिशेब करावा. तीन दिवसांच्या गाळ्याचे ३,००० आणि जाणे-येणे, खाणे १,५०० धरले तर ४,५०० झाले. पुड्याला ६० सुटतात, म्हणजे पहिले ७५ पुडे फक्त गाळेवाल्यासाठी विकायचे. शिवाय तीन दिवस दोघींचे काम बंद. तरीही जावे का? नव्या गावात पन्नास नवे पत्ते वहीत येणार असतील तर जावे. नुसते ‘नाव होते’ म्हणून जाऊ नये. पार्सलचेही तसेच. एका पुड्याला आणि चार पुड्यांना खर्च जवळजवळ सारखाच येतो, म्हणून एक किलोच्या आत आम्ही बाहेरगावी माल पाठवत नाही आणि पैसे आधी घेतो. पैसे आधी मागितल्यामुळे कोणी रागावल्याचे आठवत नाही. शहरातले अनोळखी लोक आगाऊ पैसे पाठवतात आणि गल्लीतला ओळखीचा माणूस तीन महिने थांबवतो, यावर समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी कधीतरी बोलावे अशी माझी विनंती आहे.

थिओडोर लेविट यांनी १९६० साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात असे दाखवले होते, की अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या आपण रेल्वे चालवतो एवढेच समजत राहिल्या, आपण वाहतूक पुरवतो हे विसरल्या आणि मागे पडल्या. सरांनी तो लेख आम्हांला वर्गात समजावून दिला तेव्हा मी वहीत प्रश्न लिहिला होता, की मग या चौघी नक्की काय विकतात? मसाला तर आहेच. पण आमच्या ५३ घरांपैकी बहुतेक घरांतली बाई नोकरी करते आणि तिची आई किंवा सासू उन्हाळ्यात गच्चीवर जे करीत असे, ते करायला तिला आता महिनाभराची सवड नाही. तिला ती सवड विकत मिळते. म्हणून १७० रुपये तिला जड वाटले नाहीत. ज्या ९ घरांनी माल बंद केला, त्या घरी अजून स्वतःची चटणी होते. ती आमची गिऱ्हाइके कधी नव्हतीच, शेजारधर्म पाळत होती.

या वर्षी मार्चमध्ये मिरची वेळेवर आणि रोखीने आली, वीस किलो जास्तच. गटाचे कर्ज निम्मे फिटले. मजुरी दर शनिवारी वाटली जाते आणि वहीत चौघींच्या सह्या होतात. एकीची सही अंगठ्याची होती, ती आता अक्षरांत आहे. त्या जुन्या दुकानाकडून मूळ ३३,६०० पैकी ८,४०० रुपये अजून येणे आहेत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दोघी जाऊन बसतात. मागच्या खेपेला त्याने चहा पाजला आणि हजार दिले.